न्याहारी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावाजवळ एक टेकडी असून तिच्यावर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. निरनिराळ्या धर्मांचे भाविक दूरदूरच्या गावांहून येथे दर्शनास येतात. टेकडीवरून खाली पाहिले की चहूकडे शेते पसरलेली दिसतात. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा ही या मुलखाची पिके होत. अशा गावात पहाट झाली की घराघरांत लगबग सुरू होते. कोणी गोठा झाडतो, कोणी पाणी भरतो, कोणी जनावरांना वैरण घालतो. कापूस वेचणीचे दिवस असले म्हणजे बायाबापड्या ऊन चढण्याच्या आत शेताची वाट धरतात. मुले आंघोळी आटोपून दप्तरे भरू लागतात.

या लगबगीत एक गोष्ट राहून जाण्याचा संभव फार असतो. ती गोष्ट म्हणजे न्याहारी. ही गिरडसारख्या खेड्याचीच कथा आहे असे नाही. नागपूर, पुणे, मुंबई येथेही हेच घडते. खेड्यात शेताची घाई, तर शहरात गाडीची घाई. कारण निराळे, पण परिणाम एकच. पुष्कळ मुले घोटभर चहा घेऊन, किंवा तोही न घेता, शाळेची घंटा गाठतात.

पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला जांभया येऊ लागतात. तिसऱ्या तासाला फळ्यावरचे गणित समोर दिसत असते, परंतु ते डोक्यात शिरत नाही. गुरुजींना वाटते, या मुलाचे लक्ष नाही. मुलालाही वाटते, आपल्याला गणित येतच नाही. खरा प्रकार असा असतो की, त्याच्या पोटात काल रात्रीपासून काहीच गेलेले नसते.

आता थोडा हिशेब करू. समजा, रात्री आठ वाजता तुम्ही जेवलात आणि सकाळी काही न खाता शाळेत गेलात. सकाळचे अकरा वाजले म्हणजे तुम्हांला उपाशी राहून पंधरा तास होतात. झोपेत आपण काही काम करत नाही असे आपणांस वाटते. पण शरीराचा कारखाना रात्रभर चालूच असतो. हृदय चालते, श्वास चालतो, मुलांची हाडे वाढतात आणि मेंदू तर क्षणभरही थांबत नाही. या सर्व कामांना इंधन लागते. ते इंधन म्हणजे अन्नापासून तयार होणारी एक प्रकारची साखर. जेवणानंतर शरीर या साखरेचा काही भाग यकृतात साठवून ठेवते. यकृत हे जणू शरीराचे धान्याचे कोठारच होय. प्रौढ माणसाच्या या कोठारात सुमारे १०० ग्रॅम साठा मावतो. रात्रभर त्यातूनच खर्च चालतो. सकाळपर्यंत कोठाराचा बराच भाग रिता झालेला असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन एवढेच असते. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यापैकी शेकडा वीस भाग एकटा मेंदू घेतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर हे प्रमाण याहूनही अधिक असते. म्हणजे लहानांचे कोठार लहान, आणि खर्च मात्र मोठा. म्हणूनच सकाळच्या उपाशीपणाचा भार मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक जाणवतो.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की, एखादे दिवशी न्याहारी चुकली तर मोठा अनर्थ कोसळतो. धडधाकट मुलाचे शरीर अशी एखादी सकाळ निभावून नेते. जमैका बेटावरील संशोधकांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना काही दिवशी न्याहारी देऊन व काही दिवशी न देता त्यांच्या स्मरणशक्तीची व आकलनाची परीक्षा घेतली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, जी मुले आधीच अशक्त होती त्यांच्यावर उपाशी राहण्याचा वाईट परिणाम झाला. सुदृढ मुलांना मात्र तो तितकासा बाधला नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्याच्या ताटात आधीच कमी असते, त्यालाच न्याहारी चुकण्याची किंमत सर्वांत अधिक द्यावी लागते.

शब्दांकडे पाहिले तरी हाच विचार दिसतो. शहरांत न्याहारीला ‘नाश्ता’ म्हणतात. हा शब्द फारसी भाषेतून आपल्याकडे आला असून त्याचा मूळ अर्थ ‘उपाशी, ज्याने अद्याप काही खाल्ले नाही असा’ असा आहे. उपाशी माणसाने जे प्रथम खावयाचे, त्यालाच पुढे नाश्ता हे नाव पडले. इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाचा अर्थही ‘उपास मोडणे’ असाच होतो. रात्र हा एक उपास आहे आणि सकाळी तो सोडावयाचा असतो, हे निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपापल्या भाषेत नोंदवून ठेवले आहे.

न्याहारी ही काही नवी, बाहेरून आलेली चाल नाही. आपला शेतकरी पहाटे औत घेऊन शेतावर जाई आणि दिवस कासराभर वर आला की घरची कारभारीण त्याच्यासाठी न्याहारी घेऊन येई. फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर, जवसाची किंवा तिळाची चटणी, एखादा कांदा आणि ताक. बांधावरच्या झाडाखाली बसून तो चार घास खाई आणि मग पुन्हा कामाला लागे. श्रम करणाऱ्या माणसाला न्याहारीचे महत्त्व कोणी शिकवावे लागले नाही. ते त्याला त्याच्या पोटाने शिकविले.

मग ही सवय मोडली कशी? घड्याळाने मोडली. कचेऱ्या आणि शाळा आल्या. अकरा वाजता कचेरी, म्हणून दहा वाजता पूर्ण जेवण घ्यावयाचे अशी रीत शहरातील मध्यम वर्गात पडली. दहाला जेवायचेच आहे, मग सकाळी चहा पुरे, असे लोक म्हणू लागले. पुढे शाळांच्या व कामांच्या वेळा बदलल्या. दहाचे जेवण मागे पडले आणि डबा दुपारी उघडू लागला. सकाळचा चहा मात्र तसाच राहिला. अशा रीतीने न्याहारीची जागा चहाने घेतली आणि ती रिकामी आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

येथे गिरडच्या टेकडीची एक आख्यायिका आठवते. या टेकडीवर गोल, गुळगुळीत असे दगडगोटे सापडतात. लोक सांगतात की, दोन फिरते व्यापारी येथून जात असताना त्यांनी साधूची थट्टा केली. तेव्हा त्यांच्याजवळच्या नारळादी सर्व मालाचे दगड झाले, तेच हे गोटे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांची उपपत्ती निराळी सांगतात. फार पुरातन काळी लाव्हारस थंड होऊन येथील काळा खडक बनला. त्याच्या पोकळ्यांत पाण्यातील क्षार साठत गेले व त्यांपासून हे गोटे तयार झाले, असे त्यांचे म्हणणे. उपपत्ती कोणतीही घ्या, त्या गोट्यांविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे. ते दिसतात खाण्याच्या वस्तूसारखे, पण त्यांनी पोट भरत नाही.

सकाळी रिकाम्या पोटी घेतलेला चहा याच जातीचा आहे. तो दिसतो न्याहारीसारखा, पण त्यात असते काय? थोडेसे दूध आणि दोन चमचे साखर. ती साखर लवकर खर्च होते आणि भूक पुन्हा डोके वर काढते. शिवाय चहात टॅनिन नावाचे एक द्रव्य असते. धान्य, डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास ते अडथळा करते. म्हणून चहा घ्यावयाचाच असेल तर तो खाण्याबरोबर न घेता तासाभराने घ्यावा हे चांगले. उलट लिंबू, आवळा, संत्रे, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत केवळ चवीपुरती नाही, तिच्यात आरोग्याचा लाभही आहे.

आता कोणी चौकस विद्यार्थी विचारील, “महात्मा गांधींनी तर न्याहारी सोडली होती ना?” हा प्रश्न योग्य आहे, आणि वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तर तो विशेष योग्य आहे. कारण १९३६ पासून याच जिल्ह्यातील सेवाग्राम हे गांधीजींचे निवासस्थान होते आणि आहाराविषयीचे त्यांचे प्रयोग तेथेही चालू होते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे असताना त्यांना वारंवार डोकेदुखी होई. तेव्हा इंग्लंडातील मँचेस्टर येथे न्याहारी सोडणाऱ्यांचे एक मंडळ निघाल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. इंग्रज लोक दिवसातून फार वेळा व फार खातात, त्यांनी निदान सकाळचे खाणे सोडावे, असे त्या मंडळाचे म्हणणे होते. गांधीजींनी तसे करून पाहिले. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी थांबली. त्यावरून आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष नीट लक्षात घेतला पाहिजे. त्यांचा आक्षेप अतिआहाराला होता. ज्याचे ताट गरजेहून अधिक भरलेले आहे त्याने एक वेळचे खाणे कमी केले तर त्याला बरे वाटेल. पण ज्याचे ताट मुळातच अपुरे आहे त्याने तोच उपाय केला तर त्याचे नुकसान होईल. गांधीजींनी पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात असताना ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटे पुस्तक लिहिले. सर्वसाधारण माणसाने तीन वेळा खावे, कामाला बाहेर पडण्यापूर्वी सकाळी, मग दुपारी आणि नंतर संध्याकाळी, असेच त्यात त्यांनी सांगितले आहे. अधूनमधून सतत काहीतरी तोंडात टाकीत राहण्याच्या शहरी सवयीला मात्र त्यांनी घातक म्हटले. प्रयोग स्वतःवर करावा, पण सर्वांना सल्ला देताना सर्वांची स्थिती पाहावी, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

“न्याहारी करावी हे पटले, पण वेळ कोठे आहे?” असे पुष्कळ जण म्हणतात. ही अडचण खरी आहे. परंतु ती वाटते तेवढी मोठी नाही. चांगल्या न्याहारीला तीन गोष्टी पुरेत. पहिली, शक्ती देणारे धान्य. दुसरी, शरीर बांधणारी डाळ, कडधान्य, शेंगदाणे किंवा दूध-ताक. तिसरी, एखादे फळ, लिंबू किंवा भाजी. या तिन्ही गोष्टी आपल्या मुलखात, आपल्या घरात असतात. त्या एकत्र आणण्याचे काम तेवढे आपणांस करावयाचे आहे.

प्रथम चूल न पेटविता होणाऱ्या न्याहाऱ्या पाहू. मूठभर भाजलेले शेंगदाणे, मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा ही सर्वांत सोपी न्याहारी. तिला एक मिनिटही लागत नाही. हिला क्षुल्लक समजू नका. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम आणि तितक्याच फुटाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मोठी मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर जवळजवळ पेलाभर दुधाइतकी प्रथिने मिळतात. वर एखादे केळे, पेरू किंवा नागपुरी संत्रे मिळाले तर उत्तमच.

दुसरा प्रकार म्हणजे भाकरीचा काला. रात्रीची ज्वारीची भाकर कुस्करावी, तीवर ताक ओतावे, मीठ घालावे, आणि कांद्याबरोबर किंवा जवसाच्या चटणीबरोबर खावी. शिळ्या भाकरीची पुष्कळांना लाज वाटते. ती वाटण्याचे कारण नाही. नीट झाकून ठेवलेली, वास न आलेली रात्रीची भाकर हे उत्तम अन्न आहे. ज्या ज्वारीला आपण गरिबाचे धान्य म्हणून नाके मुरडू लागलो होतो, तिच्यासारख्या भरडधान्यांचा गौरव करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे संबंध वर्ष पाळले.

तिसरा प्रकार सातूच्या पिठाचा. गहू व हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, त्यात थोडे जिरे व सुंठ घालून दळून आणावी. हे पीठ डब्यात बंद करून ठेवले तर पुष्कळ दिवस टिकते. सकाळी वाटीभर पीठ गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवले की न्याहारी तयार झाली. चैत्र-वैशाखात विदर्भाचे ऊन आग ओकू लागते आणि शाळा सकाळी लवकर भरते. त्या दिवसांत गरम काही खावेसे वाटत नाही. तेव्हा हे थंड, सोपे पीठ फार उपयोगी पडते.

आता पाच-दहा मिनिटांत चुलीवर होणारे पदार्थ. त्यांत पोह्यांचा मान पहिला. पोहे चाळणीत घेऊन धुवावे आणि निथळत ठेवावे. तोवर तेलात मोहरी, शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची व हळद घालून फोडणी करावी. तीत पोहे व मीठ घालून झाकण ठेवावे आणि एक वाफ आणावी. नागपूर-वर्ध्याकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री घालून खातात. तिखट बेताचे ठेवले तर ही जोडी चांगली आहे, कारण पोह्यांत जे कमी असते ते हरभरा भरून काढतो. ज्या घरी भाकरी उरली असेल तेथे तिचाच चुरा करून अशीच फोडणी द्यावी. फोडणीची भाकर पोह्यांपेक्षाही लवकर होते. बेसनात पाणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर व मीठ घालून तव्यावर पातळ धिरडी घालावी. प्रत्येक धिरड्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. रात्री भिजवून फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले असतील तर ती नुसती वाफवून, लिंबू पिळून खाता येते. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून ठेवले तर सकाळी पाण्यात शिजवून, जिरे व लसूण घालून आंबील करता येते. ती लहानांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही मानवते.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय होते. हातसडीचे तांदूळ, घरचे दळलेले कोंड्यासह पीठ, गूळ, घाणीचे तेल यांचा प्रसार त्या संघाने केला. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. गावात पिकणारे धान्य गावातच, त्याचे सत्त्व न गमावता खाल्ले जावे, हा त्यामागील विचार होता. वर सांगितलेल्या न्याहाऱ्यांपैकी एकही या विचाराच्या बाहेरची नाही. दुकानातील रंगीत वेष्टनातल्या बिस्किटांत मैदा व साखर यांचाच भरणा असतो. तेवढ्याच पैशांत शेंगदाणे आणि गूळ आणला तर शरीराला कितीतरी अधिक मिळते.

परंतु पदार्थ माहीत असणे निराळे आणि सवय लागणे निराळे. सवय लावण्याचे एक शास्त्र आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांवर एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांसंबंधी एक छोटीशी नवी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करावयाची होती. ती गोष्ट विचार न करता, आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरे झाले, तर कोणाच्या बाबतीत याहून पुष्कळच अधिक काळ लागेल असे दिसले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा बिघाड झाला नाही. म्हणून एक दिवस खंड पडला की “आता सारे फुकट गेले” असे म्हणून सोडून देणे योग्य नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

न्याहारीची सवय लावताना चार नियम पाळावे. पहिला नियम, आरंभ लहान करावा. ज्याला सकाळी भूकच लागत नाही त्याने पहिल्या आठवड्यात चार दाणे आणि गुळाचा खडा एवढेच खावे. भुकेलाही एक घड्याळ असते. रोज ज्या वेळी खाल त्या वेळी ती लागू लागते. दुसरा नियम, न्याहारी एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून द्यावी. आंघोळ झाली की न्याहारी, किंवा वेणी घातली की न्याहारी, असे ठरवावे. म्हणजे ती विसरत नाही. तिसरा नियम, सकाळचे काम रात्री करावे. मटकी भिजविणे, एक भाकर जास्त थापणे, कांदा-मिरची काढून ठेवणे ही कामे रात्रीची. शेंगदाणे भाजून डबा भरणे हे रविवारचे काम. चौथा नियम, रात्रीचे जेवण फार उशिरा घेऊ नये. दहा वाजता पोट भरून जेवणाऱ्याला सकाळी सातला भूक कशी लागणार?

या नियमांत एक पाचवा नियम मिळविला पाहिजे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. न्याहारी करण्याचे काम एकट्या आईवर टाकू नये. पोहे धुणे, दाणे भाजणे, ताक घुसळणे, भांडी विसळणे ही कामे दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना सहज येण्यासारखी आहेत. मुलांनीही ती करावी, केवळ मुलींनी नव्हे. चुलीजवळ मोठ्या माणसाच्या नजरेखाली काम केले म्हणजे झाले.

हा नियम महत्त्वाचा का, ते पाहा. घरात सर्वांत आधी कोण उठते? आई. सर्वांत शेवटी कोण खाते? आईच. ती सर्वांना वाढते आणि उरले तर खाते. शेताला उशीर होत असेल तर न खाताच निघते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळून आले की, भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. या रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या न्याहारीने तो दूर होणार नाही. तरीही ज्या स्त्रीला दिवसभर वाकून कापूस वेचावयाचा आहे, तिने उपाशीपोटी घराबाहेर पडू नये, एवढे पाहणे घरातील प्रत्येकाच्या हाती आहे.

काही घरांत अडचण याहूनही मोठी असते. तेथे वेळेचा नव्हे, तर धान्याचाच तुटवडा असतो. अशा मुलांना ‘न्याहारी करा’ एवढा उपदेश पुरत नाही. त्यांच्यासाठी समाजाने पुढे आले पाहिजे. अमेरिकेत शाळांतून न्याहारी देण्याची योजना १९६६ साली सुरू झाली. आपल्या देशात शाळेत दुपारचे भोजन देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक पाऊल पुढे टाकले गेले. पौष्टिक न्याहारीनंतरचे सकाळचे तास कठीण विषयांच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त ठरतात, म्हणून शाळेत दुपारच्या भोजनाखेरीज न्याहारीही द्यावी, असे त्यात सुचविले आहे. जेथे गरम अन्न देणे शक्य नसेल तेथे शेंगदाणे किंवा चणे गुळाबरोबर द्यावेत आणि स्थानिक फळे द्यावीत, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या घरातील दाणे-फुटाणे-गुळाची न्याहारी देशाच्या धोरणात जाऊन बसली, ती अशी! तमिळनाडू राज्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी न्याहारीची योजना सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती राज्यभर नेली.

शासनाची योजना येईल तेव्हा येईल. तोवर वर्गातही पुष्कळ करता येते. आपल्या शेजारी बसणारा मित्र तिसऱ्या तासाला रोज मलूल होत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याने सकाळी काही खाल्ले आहे की नाही, हे त्याला हळूच विचारावे. चारचौघांत विचारून त्याला लाजवू नये. आपल्या डब्यातील मूठभर दाणे त्याच्यापुढे करावे, आणि ते देण्यात आपण काही उपकार करतो असे दाखवू नये.

न्याहारी ही गोष्ट तशी साधी आहे. तिला मोठा खर्च नको, मोठा वेळ नको, मोठी कला नको. रात्री थोडी आठवण आणि सकाळी दहा मिनिटे एवढीच तिची मागणी आहे. तेव्हा मुलांनो, उद्या सकाळी दप्तर उचलण्यापूर्वी घरातल्या सर्वांना हाक मारा, डब्यातले दाणे काढा, भाकर कुस्करा, आणि पाने मांडताना आईचे पान सर्वांच्या आधी मांडा.